विदामावशीची अकरा दिवसांची टेस्ट

विदोसावा स्तोयिल्कोविच आमच्या कंपनीत आली तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती आणि आमच्यापैकी कुणालाच ती नको होती. आम्ही सगळे आमच्या निश शहरातल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेलो, पंचविशीतले, अक्कल कमी आणि तोरा जास्त. ही बाई जुन्या टीव्हीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढून आलेली. कारखान्याला कुलूप लागल्यावर घरी बसून जावा ही संगणकाची भाषा शिकली. मुलाखतीत आमच्या गुणी डायरेक्टरनं, ग्रादिमीरनं, तिला विचारलं, "तुम्हाला विशेष असं काय येतं?" ती म्हणाली, "मला थांबता येतं." आम्ही हसलो. मी जरा जास्तच हसलो.

पण ती खरं तेच बोलली होती. कारखान्यात तिचं काम म्हणजे तयार झालेला टीव्ही चोवीस तास चालू ठेवायचा आणि मगच खोक्यात जाऊ द्यायचा. सुरू झाला, चित्र दिसलं, म्हणून पास, हे तिला मान्यच नव्हतं. "सुरू काय, काहीही होतं," म्हणायची. "टिकतंय का ते बघ."

आमचं काम काय ते एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, याद्या काढणारी एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा साठा, आहे, सी भाषेत लिहिलेली. ती जावावाल्यांना वापरता यावी म्हणून मधला पूल आम्ही बांधायचो. दोन तीरांच्या सवयी वेगळ्या. सीमध्ये घेतलेली मेमरी ज्याची त्यानं परत करायची. जावात वस्तू वापरून टाकून द्यायची. मागून झाडूवाला येतो आणि जे कुणीच धरून ठेवलेलं नाही तेवढं उचलून नेतो. तो कधी येईल याचा नेम नाही. हाक मारली तरी यायचं की नाही ही त्याची मर्जी. आता पुलावरची खिडकी एकाच वेळी दोन्ही तीरांवर असते. ती बंद केल्यावर दोन्हीकडून सुटली तर ठीक. नाही सुटली तर मेमरी हळूहळू भरत जाते आणि एक दिवस यंत्र जागच्या जागी थिजतं. हे तपासायचं काम फार किचकट, आणि त्यात कुणी पाठ थोपटत नाही. विदामावशीनं ते स्वतःहून मागून घेतलं.

सगळे तिला मावशीच म्हणायचे, आधी चेष्टेनं आणि नंतर सवयीनं. सकाळी ती सगळ्यांसाठी कॉफी करायची, तांब्याच्या भांड्यात, आणि चीज भरलेला खुसखुशीत बुरेक कुणी आणला असेल तर तो दह्याशिवाय खाणाऱ्याला खडसावायची. तिच्या टेबलाखाली कायम एखादं यंत्र घरघरत असायचं आणि त्याच्यावर चिकटवलेला कागद: 'हात लावू नका. मी थांबले आहे.' झाडलोट करणारी बाईसुद्धा त्या यंत्राला वळसा घालून फरशी पुसायची.

नऊ वर्षं हे असं चाललं. मग रुग्णालयाच्या पडद्यांचं काम आलं. परदेशातली एक कंपनी खाटेशेजारी ठेवायचे छोटे पडदे बनवत होती: नाडी, श्वास, आणि काही बिघडलं की इशाऱ्याची खिडकी उघडणार. परिचारिकेनं बटण दाबलं की ती बंद. पडद्यामागे आमचा पूल. तोपर्यंत मी टीमचा प्रमुख झालो होतो.

एका सकाळी विदामावशी माझ्या टेबलाशी आली. "रास्त्को, तुझ्या पुलाखाली पाणी मुरतंय."

तिनं टेस्ट लिहिली होती. खिडकी उघडायची, तिच्यावर एक बटण ठेवायचं, बटण दाबल्यावर काय करायचं ते जोडायचं, खिडकी बंद करायची, सोडून द्यायची. असं पाच हजार वेळा. मग झाडूवाल्याला पुन्हा पुन्हा हाका मारायच्या, थांबायचं, आणि पलीकडच्या तीरावर किती खिडक्या उरल्या ते मोजायचं. उत्तर यायला हवं होतं शून्य. येत होतं पाच हजार.

मी तिची टेस्ट सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर लावली. वाचता वाचता मला दिसलं आणि, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. शेवटी कुठल्या खिडक्या उरल्या त्यांची नावं छापता यावीत म्हणून मावशीनं प्रत्येक खिडकी एका यादीत टाकली होती. म्हणजे तिची टेस्टच खिडक्या धरून बसली होती. झाडूवाला बिचारा उचलणार काय?

"मावशी," मी म्हणालो, "चोर शोधायला निघालात आणि चोर तुमच्याच माजघरात."

सगळी खोली हसली. आमच्यातला एक जण तर म्हणाला, "मावशी, आता ह्या यादीलाच सांगा, चालू राहा चोवीस तास." ही चूक आमच्या धंद्यात प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते, मीही केली होती, पण मोठ्या पडद्यावर नाही. मावशी लाल झाली. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाली, आणि जागेवर जाऊन यादी काढून टाकली.

यादी काढून टेस्ट पुन्हा चालवली. ताडून बघायला बटणाशिवायच्याही खिडक्या उघडल्या; त्या सगळ्या सुटल्या. बटणाच्या सगळ्या तिथंच. पाच हजार.

ती परत आली. ह्या वेळी मी मान वर केली नाही. "रास्त्को, ऐक. दोघं जण चादरीची घडी घालतात ना, दोन टोकं धरून? कुणीतरी एकानं टोक सोडायला लागतं. बटणाला काम जोडलं की तुझी जावाची बाजू सीला धरते आणि सीची बाजू जावाला. दोघंही म्हणतायत, आधी तू सोड. एका बाजूची पकड सैल करायला हवी. कशी करायची ते मी टेस्टच्या वर लिहून ठेवलंय."

"मावशी, पाच हजार खिडक्या कोण उघडतं?"

"आजारी माणसं. एका खाटेला दिवसाला चारशे इशारे होतात. ते यंत्र आहे माझ्या टेबलाखाली, त्याच गतीनं इशारे देत लावून ठेवलं, दोनदा. दोन्ही वेळा अकराव्या दिवशी थिजलं."

तिचं बरोबर आहे हे मला कळलं होतं. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली. त्या दिवशी मी तिला म्हणालो, "यादीसारखं आणखी काहीतरी राहिलं असेल, बघा जरा." दुरुस्त करायचं तर पुलाच्या मुळाशीच हात घालावा लागला असता, आणि माल शुक्रवारी द्यायचा होता. मी तिच्या टेस्टच्या डोक्यावर एक शब्द लिहिला: वगळा. तो शब्द लिहिला की यंत्र टेस्टकडे बघत नाही आणि सगळं हिरवं, म्हणजे पास, दिसतं.

माल जाण्याआधी तपासनिसाची सही लागते. आमच्याकडे सही आणि शिक्का नसला तर माणूस मेला हेसुद्धा कुणी मानत नाही. ग्रादिमीर स्वतः कागद घेऊन तिच्या टेबलाशी गेला.

"विदा, कर गं सही. कागद आहे तो. कागदाला काय कळतंय?"

"कागदाला नाही कळत. मला कळतं ना."

"एका यादीवरून आधीच हसू झालंय तुझं. आणखी कशाला?"

"एकदा चुकले म्हणून दुसऱ्यांदा खोटं लिहू? तपासलं, चांगलं आहे, असं माझ्या हातानं?" तिनं पेन टेबलावर ठेवलं. "टेस्ट लाल आहे, ग्रादिमीर. तुम्ही तिच्या डोळ्यांवर फडकं टाकलंय."

सही मी केली. बदली तपासनीस म्हणून.

पुढच्या महिन्यात जादा माणसांची यादी निघाली. आमच्याकडे नोकरीवरून काढत नाहीत, 'तंत्रज्ञानातील बदलामुळे जादा' ठरवतात. यादीत नाव एकच होतं. जाताना तिनं रीतीप्रमाणे सगळ्यांना बुरेक खाऊ घातला, तांब्याचं भांडं पिशवीत घातलं आणि टेबलाखालच्या यंत्रावरचा कागद काढून घडी करून ठेवला. यंत्र मात्र तिनं बंद केलं नाही. ते दुसऱ्या दिवशी मी केलं.

चौदा महिन्यांनी रुग्णालयांतून तक्रारी आल्या. पडदे थिजतात. कधी दहाव्या दिवशी, कधी बाराव्या. परिचारिका बंद करून चालू करतात, तेवढ्यापुरतं भागतं. कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं, निदान आम्हाला तसं कुणी कळवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मी तो 'वगळा' शब्द पुसला. टेस्ट चालवली. लाल. वर मावशीनं लिहून ठेवलेल्या बारा ओळी होत्या: पकड कुठली, सैल कुठं करायची, आधी काय, मग काय. तसंच्या तसं केलं. दोन दिवस लागले. नोकरीत नसलेल्या माणसाची टिपणं कशाला, म्हणून त्या बारा ओळी पुसल्या. बदलांच्या जाहीर यादीत लिहिलं गेलं: 'मेमरीची चूक शोधून दुरुस्त केली: रास्त्को.' ग्रादिमीरनं सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते मला आतून ठाऊक आहे. बीळ उबदार असतं.

तरी मन खात होतं. नोव्हेंबरात मित्रोव्दान आला, तिच्या घराण्याच्या संताचा दिवस. नवरा जाऊन बारा वर्षं झाली तरी त्याच्या घराची स्लावा, म्हणजे ह्या संताचा सण, ती पाळायची. स्लावाला कुणी कुणाला बोलवत नाही. ज्याला यायचं तो येतो. मी चांगली वाईन घेतली आणि गेलो. रस्ताभर वाक्य घोकत होतो: मावशी, चूक तुम्ही शोधली होती, मी सगळ्यांना सांगणार आहे.

तिनंच दार उघडलं. आधी माझ्याकडे, मग बाटलीकडे बघितलं. मग म्हणाली, "ये."

आत मेणबत्ती जळत होती. पाहुणे आठ-दहा. टेबलाच्या टोकाला तिचा थोरला दीर रादिसाव, जुन्या कारखान्यातला फोरमन, आवाज अजून फोरमनचाच. मावशी रीतीप्रमाणे उभी होती. त्या दिवशी घरधनी बसत नाही, वाढतो. तिनं शिजवलेल्या गव्हाचा वाडगा माझ्यापुढे धरला. मी छातीवर क्रुसाची खूण केली, एक चमचा तोंडात घातला.

"हा रास्त्को," ती सगळ्यांना म्हणाली. "आमच्या कंपनीतला. त्या रुग्णालयाच्या पडद्यातली चूक ह्यानं शोधली. जाहीर यादीत छापून आलंय, मी वाचलं."

तिच्या आवाजात काही नव्हतं. कुणाला कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचा सरमा वाढताना बोलावं तसं बोलली.

रादिसावनं माझा पेला भरला. "बघ विदा. तू आपली वर्षभर घोकतेस, मी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं. सांगणं वेगळं, शोधणं वेगळं." मग माझ्याकडे वळला. "तुम्ही साहेब माणूस, आज संताच्या दिवशी तुम्ही खोटं बोलणार नाही. हिला काढलं ते का? अख्ख्या गल्लीत मला विचारतात. हिचं काही चुकलं होतं का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मावशी वाढायचा चमचा हातात धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी दिसलं. ती वाट बघत होती. थांबता येणारी बाई. माझं घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. ते बोललो असतो तर सोमवारपर्यंत ग्रादिमीरच्या कानावर गेलं असतं, निश केवढंसं.

मी म्हणालो, "त्यांच्या टेस्टमध्ये एक यादी राहिली होती."

शब्द न् शब्द खरा होता.

"तेच," रादिसाव म्हणाला. "मला वाटलंच. तरी आपल्या माणसाबद्दल बाहेर काय बोलायचं." आणि त्यानं भाजलेल्या मांसाची थाळी माझ्याकडे सरकवली.

मावशीनं मला सरमा वाढला. पुन्हा वाढला. नको म्हणालो तरी वाढला, तशी रीत आहे, आणि मी खाल्ला. तासाभरानं उठलो तेव्हा ती कोट घेऊन दारापर्यंत आली. आत गाणं सुरू झालं होतं.

"मावशी, मी..."

"कोट घाल. थंडी आहे." तिनं बाही धरून दिली, आई धरते तशी. "रास्त्को, स्लावाला कुणाला बोलवत नाहीत आणि आलेल्याला कुणी हाकलत नाही. हे ठाऊक होतं म्हणूनच आजचा दिवस निवडलास ना?"

मी कोटाची बटणं लावत राहिलो.

"एकच सांग. दोन्ही बाजू सुटतात आता?"

"सुटतात. शून्य येतं."

"किती दिवस चालवून पाहिलंस?"

मी एकदाच चालवलं होतं. चार मिनिटं. हिरवं दिसलं आणि माल पाठवला.

"अकरा दिवस," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दार लोटलं.

मी पुन्हा कधी गेलो नाही. टेस्ट अजून आहे, रोज सकाळी चालते, वर माझं नाव आहे. अकरा दिवस ती अजून कुणी चालवलेली नाही.