पाचव्या ताटाचे साडेचारशे

कळंबच्या सारजाबाईंच्या हातची भाकरी कधी उरली नाही आणि कधी कमीही पडली नाही. चुलीपुढं बसण्याआधी त्या दारातल्या चपलांवर एक नजर टाकायच्या आणि तेवढंच पीठ परातीत घ्यायच्या. त्यांचं लहानपण मेंढरांमागं गेलेलं. घोड्यावर बिऱ्हाड, त्यातच पिठाचं गाठोडं. ते संपलं की पुढचं गाव येईपर्यंत उपाशी चालायचं. पुढं मेंढरं विकली, दोन एकर ऊस झाला, मुलगा ऋतिक बारामतीच्या एमआयडीसीत लागला. माणसं मोजून पीठ घ्यायची सवय मात्र अठ्ठावन्नाव्या वर्षीही सुटली नव्हती.

म्हणूनच घाटाखालच्या थीम पार्कला दोन दिवस जायचं ठरलं तेव्हा ऋतिक म्हणाला, "आई, जेवणाचं पैसं तुझ्याकडं. माझ्याकडं ठिवलं तर तुझी नात संस्कृती सगळं आइस्क्रीमवर उडवील."

सून स्वप्नालीनं मोबाईलवर पार्कमधल्या हॉटेलचे दर काढले. मोठ्यांना थाळी साडेचारशे, लहानांना तीनशे. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही.

"एका ताटाला साडेचारशे?" सारजाबाई म्हणाल्या. "तेवढ्यात हितं चार दिवस चूल पेटती की."

शेवटी सहा हजार ठरले. जातानाचा नाश्ता, दोन दुपारा, मुक्कामाचं एक जेवण आणि परतीचं एक, अशा पाच पुरचुंड्या त्यांनी बांधल्या आणि कमरेच्या पिशवीत ठेवल्या. बारामतीत मिसळीच्या चार प्लेटा झाल्या. चाळीस रुपये उरले, तेव्हा त्या मनातून खूश होत्या.

घाट उतरताना त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरचा डोंगर मेंढराच्या पाठीसारखा वाकलेला होता. तो त्यांनी कुठंतरी पाहिला होता. पण खाली चौपदरी रस्ता होता, रंगीत कमानी होत्या, आभाळात फिरणारे पाळणे होते, आणि त्यांच्या आठवणीत यातलं काहीच नव्हतं.

दुपारी हॉटेलात चौघं बसली. वाढप्यानं पाच ताटं मांडली.

"दादा, आमी चौघंच हाय," सारजाबाई म्हणाल्या.

त्यानं बोटानं मोजलं आणि ओशाळून पाचवं ताट उचललं. संध्याकाळी मुक्कामाच्या ठिकाणी वाढपी दुसरा होता. त्यानंही पाचच मांडली. ऋतिक हसला. "हितं गिऱ्हाइकाच्या गळ्यात एक ताट जास्त मारायची पद्धतच दिसती."

पण वाढपी हसला नाही. "साहेब, त्या बाई तुमच्यातल्या नाहीत का? दाराशी उभ्या आहेत त्या? मी आत या म्हटलं, तर म्हणाल्या, ह्यास्नी जेवू द्या, मी मागनं खाते."

सगळ्यांनी दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर कुणी नव्हतं.

"कशी हुती बाई?" सारजाबाईंनी विचारलं.

"तरुणच. तिशीची असेल. खांद्यावर काळं घोंगडं. पाय धुळीनं भरलेले."

सारजाबाईंच्या हातातला घास ताटात पडला.

त्यांची आई फुलाबाई अशीच, कोकणातून मेंढरं परत आणताना, वाकलेल्या डोंगराखालच्या तळावर गेली होती. सारजा तेव्हा नऊ वर्षांची. पीठ आटत आलं होतं. सगळ्या बिऱ्हाडाला चार भाकरी झाल्या होत्या. फुलाबाईनं आपली अर्धी लेकीला दिली होती आणि म्हणाली होती, "तू खा, मी मागनं खाते." तिसऱ्या दिवशी तापानं ती गेली. तिथंच मूठमाती देऊन सकाळी तळ हलवावा लागला, कारण मेंढरांना चारा नव्हता. ती जागा पुन्हा कुणी दाखवली नाही. सारजानं विचारलंही नाही.

हे त्यांनी मुलाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो तिथून तसाच निघाला असता.

दुसऱ्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. पाळण्यांतून पोरांच्या किंकाळ्या येत होत्या. जेवायला बसल्यावर वाढप्यानं ताटं मांडायच्या आधीच सारजाबाई म्हणाल्या, "आज पाच."

"आत्या, हे काय?" स्वप्नाली म्हणाली. "परतीच्या जेवणातले साडेचारशे जातील."

"जाऊ देत. म्या बघते."

पाचवं ताट त्यांनी आपल्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढं ओढून घेतलं. भात कालवला, वर तूप घातलं, भाकरी मोडून पिठल्याशेजारी ठेवली. मग ताटाकडं न बघता हळूच म्हणाल्या, "आये, आता आदी तू."

ऋतिक आणि स्वप्नाली एकमेकांकडं बघत राहिली. बाकीच्यांचं उरकलं तरी सारजाबाईंनी आपल्या ताटाला हात लावला नाही; बिल आलं तशा त्या उठल्या आणि हात धुवायला गेल्या. बेसिनपाशी त्यांच्या नाकात एकाएकी ओल्या लोकरीचा वास भरला. भोवती फरशी आणि साबण, दुसरं काही नाही. त्या आरशात न बघता परतल्या.

पाचवं ताट रिकामं होतं. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं पुसून घेतल्यासारखं लख्ख.

ऋतिकनं ताट उचलून मागंपुढं बघितलं. "आई, आमी बिलाकडं बघत हुतो. लई तर मिनिटभर."

"ती बाई जेवली," संस्कृती म्हणाली. आठ वर्षांची पोर, तिला भीती अशी वाटलीच नव्हती. "घाईघाईनं जेवत होती. मग मला म्हणाली, तुझं पोट भरलं का गं? मी व्हय म्हणाले. मग ती उठली."

त्यानंतर कुणीच पाळण्यात बसलं नाही. परतीच्या पुरचुंडीत उरलेल्या पैशांत गाडीतच वडापाव झाले.

चार दिवसांनी सारजाबाई एसटीनं कऱ्हाटीला चुलत्याकडं गेल्या. सोनबातात्या ऐंशीच्या पुढचे. त्या तळावरचे हयात असे तेवढेच राहिले होते. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी सगळं ऐकलं. मधे एकदाही "काय सांगती" म्हणाले नाहीत.

"तात्या, तिला ठिवली ती जागा तीच का?"

"तीच," तात्या म्हणाले. "माझी नातवंडं मला मागच्या साली घिऊन गेल्ती. मला बी एक ताट जास्त आलं."

सारजाबाई बाजेजवळ सरकल्या. "मग?"

"मग काय. वाढप्या म्हणला, बाई दारात हाय. म्या वर बघितलंच न्हाय. पोटात दुखतंय म्हणून उठलो आन गाडीत जाऊन बसलो." त्यांची बोटं बाजेची सुंभं चाचपत राहिली. "तुझी आई गेली त्या साली पिठाचं गाठोडं माझ्या ताब्यात हुतं, सारजे. आजून दोन दिसाचं पीठ हुतं त्यात. मेंढरावाल्या गड्यांस्नी फुडं लागंल म्हणून म्या काढलं न्हाय."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. आत सून चहा गाळत होती. एवढी वर्षं ज्यांना आदरानं तात्या म्हटलं, त्यांच्याकडं बघून राग येईल असं सारजाबाईंना वाटलं. राग आला नाही.

"पोटभर जेवली का गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"जेवली."

"माझं नाव काढलं?"

सारजाबाईंनी पदर सावरला आणि एसटीची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.