वॉर्डात हसवायला मनाई

“साहेब, तुम्ही आत्ताच्या आत्ता वॉर्डाबाहेर व्हा,” असं मी ज्यांना सुनावलं, ते त्या कॅम्पचे यजमान होते. मला बोलावणारे तेच, खाटा आणि औषधं जमवणारेही तेच. शांतवनराव साळवे. खेडोपाडी दवाखाने आणि वसतिगृहं चालवणाऱ्या एका ख्रिस्ती सेवाचळवळीचे मराठवाड्याचे प्रमुख. मी त्यांच्याच कॅम्पात आलेला डोळ्यांचा सर्जन.

त्यांचा गुन्हा एकच. ते पेशंटना हसवत होते.

मानवतच्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीत कॅम्प लागला होता. मिशनवाले डोळे बांधतात आणि बाटवतात, अशी कुजबुज गावात होतीच. तर हे साळवेसाहेब प्रत्येक कॉटपाशी जाऊन म्हणायचे, “माय, आमी मोतीबिंदू काढतो, देव न्हाई काढत. तो तुमचा तुमच्यापाशीच.” बाया खुदखुदायच्या आणि माझ्या काळजात धस्स व्हायचं.

कारण सांगतो. तेव्हा कॅम्पात डोळ्यात लेन्स बसवायची सोय नव्हती. गढूळ झालेलं भिंग अख्खं बाहेर काढायचं आणि बारीक टाके घालायचे. मग दोन्ही डोळ्यांना पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, आणि पेशंटनं उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, वाकायचं नाही, भाकरी चावायची नाही. जोर पडून टाका सुटला की ब्रह्मदेव आला तरी डोळा वाचत नाही. आणि इथं बायकांची पोटं हसून गदगदतायत! मी तसा तापट माणूस. दिलं साहेबांना घालवून.

ते ‘बरं’ म्हणून निमूट गेले. वॉर्ड चिडीचूप झाला. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स धावत आली. गयाबाई कॉटवर उठून बसली होती, पाय खाली सोडून. ही पेडगावकडची म्हातारी. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला. ऑपरेशन केलेला तेवढाच उरलेला. तो गेला की कायमचा अंधार.

तिचा लेक भेटायला यायचा होता. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चालू होता, एस्ट्या उभ्या होत्या. घरची खबर नाही. शेजारच्या कॉटवरची रमाबाई, बौद्धवाड्यातली, तिला समजावत होती, की माय, माझंबी कुणी आलं न्हाई, पड गुमान. ती ऐकेना.

मी ओरडलो. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडली.

“काल त्यो मानूस बोलत व्हता तवर बरं व्हतं. आता निसता अंधार हाय. मी घरी जाते.”

पट्टी काढून पाहिलं. नशीब, टाके शाबूत होते. पण पुन्हा उठली तर? तिला पलंगाला बांधायची की काय? मी नाक मुठीत धरून शांतवनरावांना शोधायला निघालो. ते शाळेमागं चुलीपाशी होते, बायको मार्थाबाईंच्या हाताखाली खिचडी हलवत.

“चला,” मी म्हणालो. “पण विनोद नाही. एकसुद्धा नाही.”

“मग बोलू काय डॉक्टर?”

“काहीतरी कंटाळवाणं. तुमचा बायोडाटा सांगा.”

आणि त्यांनी खरंच तो सांगायला घेतला. सेलूकडच्या सालगड्याचा मुलगा. मिशनच्या वसतिगृहात शिकला, दवाखान्यात बाटल्या धुतल्या, मग कंपाउंडर. सायकलला औषधांची पेटी बांधून देवगाव फाट्यावरून आतल्या गावांना जायचा. पहिल्याच गावात कुणी उभं करेना. चावडीच्या पायरीवर उपाशी बसला. अंधार पडला, सायकल उचलली, आणि मागनं कुणीतरी हाक मारली.

इथं ते थांबले. “ऱ्हायलेलं उद्या. पण जिनं मान हलवली, तिच्या वॉर्डात गोष्ट न्हाई.”

झालं! त्यानंतर गयाबाईच वॉर्डाची हवालदार झाली. कुणी खोकलं की आडव्यानंच खेकसायची, “गप पड, आमची गोष्ट बुडवतीस का?” रोज संध्याकाळी साहेब थोडं पुढं जायचे आणि नेमके अडनिड्या जागी थांबायचे. मीही माझा राउंड हळूच त्याच वेळेला आणला. पट्टी सुटायच्या आदल्या संध्याकाळी गोष्ट लग्नापाशी आली. मुलगी औरंगाबादच्या मास्तरांची. मास्तर म्हणाले, सायकलवर हिंडणाऱ्या कंपाउंडरला मुलगी देणार नाही म्हणजे नाही. साहेब उठले. “बाकीचं उद्या, पट्टी सुटल्यावर.”

सकाळी मी गयाबाईची पट्टी सोडली. जाड भिंगाचा चष्मा तिच्या डोळ्यापुढं धरला आणि बोटं दाखवली.

“किती?”

“तीन. ते ऱ्हाऊ द्या. त्याचं लगीन झालं का न्हाई?”

इतका आनंद मला एमएस पास झाल्यावरही झाला नव्हता. तेवढ्यात वाटी घेऊन मार्थाबाई आल्या. “झालं की,” त्या म्हणाल्या. “तुमाला रोज खिचडी कोण भरवायलंय मंग?”

गयाबाईनं त्यांना खालवर न्याहाळलं. “अगं बया, तूच व्हय ती? इकडं माझा जीव टांगणीला, आन तू रोज घास भरवून गप?”

“मलाबी ऐकायचं व्हतं,” मार्थाबाई म्हणाल्या. “ह्यांनी मला कधी एवढं सलग सांगितलंच न्हाई.”

साऱ्या वॉर्डाला हसू फुटलं. बाकीच्यांच्या पट्ट्या अजून सुटायच्या होत्या. मी ‘हसू नका, हसू नका’ म्हणून ओरडत राहिलो, पण ऐकतंय कोण? दारात शांतवनराव उभे होते. लग्नातल्या नवरदेवासारखे लाजले होते.

एकीचाही टाका सुटला नाही. पुढच्या कॅम्पपासून नर्सना द्यायच्या सूचनांत मी दोन ओळी वाढवल्या. पेशंटला हसवायला मनाई. गोष्ट सांगायला हरकत नाही, पण अर्धीच.