पेजेतलं मीठ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. आता बोलायला लागलोय, तर बोलून टाकतो.

बावधनला माझी बॉक्सिंगची जिम आहे. येणारे बहुतेक आयटीवाले – दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी बॅगेवर राग काढणारे. समोरच्या भिंतीवर अण्णांचा मोठा फोटो आहे. अण्णा म्हणजे माझे वडील. लष्करात होते, तिथेच हातात ग्लोव्ह्ज चढले आणि मग वर्षानुवर्षं ते कुणाकडून हरले नाहीत. आमच्या गावात, उरवड्यात, आमचं घर विचारायला आडनाव लागत नसे. बॉक्सरचं घर म्हटलं की पुरे. एक डोळा सुजून मिटलेला असताना अण्णांनी दुसऱ्या डोळ्यावर फायनल जिंकली, ही गोष्ट मी विहारातल्या सत्कारात ऐकली, पिरंगुटच्या टपरीवर ऐकली, लग्नांच्या पंगतीत ऐकली. सांगणारा शेवटी माझ्याकडे बघायचा. मग म्हणायचा – आता ह्याचं बघायचं.

जिममधली पोरं विचारतात, सर, तुम्ही पुढे का नाही खेळलात? मी म्हणतो, राज्य स्पर्धेला वजनात बसलो नाही, थोडक्यात हुकलं. ती हळहळतात. मला काही वाटत नाही. खरंच नाही.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. लढतीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं राहायचं, गटापेक्षा थोडं जरी जास्त भरलं तरी घरी जायचं. म्हणून आधीचे काही आठवडे उपाशी काढावे लागतात. आमच्याकडे नीट काटा नव्हता. अण्णा मला भाताच्या गिरणीत न्यायचे आणि पोत्यांच्या काट्यावर उभं करायचे. गिरणीवाला ओरडायचा, “ह्याला बी भातासारखं सडून देऊ का, अण्णा?” सगळे हसायचे. अण्णा हसत नसत. ते आकडा बघत.

माझं खाणं ताईकडे होतं. ताई माझ्याहून मोठी, घरात सगळे तिला सुनी म्हणत; तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. अण्णा सांगतील तेवढंच ती द्यायची – नाचणीची भाकरी, उकडलेली अंडी आणि शेवटच्या दिवसांत नुसती भाताची पेज, बिनमिठाची. मीठ खाल्लं की अंगात पाणी धरतं, वजन उतरत नाही. मी एकट्याने बिनमिठाचं खाणं तिला बघवत नसे, म्हणून ती स्वतःची भाजीही बिनमिठाची खायची. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जिल्ह्यात बऱ्याच लढती जिंकलो होतो. पण राज्याच्या वेळी पहिलीच लढत ज्याच्याशी लागली, त्याला मी आधी एकदा बघितलं होतं. त्याने समोरच्याला झोपवला होता. पुण्याच्या त्या हॉलमध्ये गावातून जीप भरून माणसं येणार होती. पुढच्या रांगेत अण्णांचे लष्करातले जुने सोबती बसणार होते. मार खायची भीती होती का? थोडी होती. पण जास्त भीती दुसरीच – मी खाली पडलेला असताना अण्णा कसे बघतील, ती. ती नजर मला बघायचीच नव्हती.

पळून गेलो असतो तर पळपुटा ठरलो असतो. हरलो असतो तर हरलेला. पण वजनात न बसलेल्याला कुणी भित्रा म्हणत नाही. त्याचं नशीब वाईट, एवढंच म्हणतात. हे माझ्या डोक्यात कधी आलं ते आठवत नाही. त्या सकाळी अण्णा माझं नाव द्यायला रांगेत उभे राहिले आणि मी हॉलच्या संडासात गेलो. नळाला तोंड लावलं. पाणी प्यायलो – पोट दुखेपर्यंत. कित्येक दिवसांनी एवढं पाणी मिळालं होतं. चव छान लागली, हेही सांगून टाकतो.

काटा वर गेला. वेळ संपेपर्यंत पुन्हा काट्यावर चढता येतं, त्यामुळे अण्णांनी मला रेनकोट चढवला आणि मागच्या पटांगणात पळवायला घेतलं. घाम काढायचा म्हणून. आणि मी एकटा रेंगाळेन म्हणून – ते स्वतः माझ्याबरोबर पळायला लागले. गुडघा दुखत होता त्यांचा. पायांत चपला होत्या. “चल, वाघा. उतरतंय बघ. चल,” असं म्हणत होते. मधे मी म्हणालो, लघवीला जाऊन येतो, तेवढंच कमी होईल. “जा, जा,” म्हणाले. मी आत गेलो आणि पुन्हा नळाला तोंड लावलं.

ह्याला काय म्हणायचं? तुम्हीच काय ते म्हणा.

वेळ संपली. नाव खोडलं गेलं. अण्णा भिंतीला टेकून खाली बसले, दम लागला होता. म्हणाले, “काल गिरणीत तर बरोब्बर हुतं. राती काय खाल्लंस?”

एवढाच प्रश्न होता. पेज खाल्ली म्हटलं असतं तर चाललं असतं. मी म्हणालो, “पेज. पण ताईनं मीठ घातलं होतं वाटतं. खारट लागली.”

घरी आल्यावर अण्णांनी चपलाही काढल्या नाहीत. “सुने, पेजेत मीठ घातलंस व्हय गं?” ताईने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मला वाटलं, ती नाही म्हणेल, भांडेल. तिने बराच विचार केला आणि म्हणाली, “आठवत न्हाई, अण्णा. पडलं आसंल हातनं.”

“पोराचं वाटोळं केलंस तू,” अण्णा म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी तिच्या हातचं खाल्लं नाही. वाढायला आई असायची. तिचं लग्न ठरलं, झालं, ती सासरी नांदे गावाला गेली. माहेरी आली की ती भाजी चिरून द्यायची, भांडी घासायची, पण चुलीशी जायची नाही. पुढे पुढे घरात त्याची चेष्टाच झाली. पाहुण्यांसमोर कुणीतरी म्हणायचं, सुनीला मिठाचा डबा दाखवू नका. तीही हसायची. मीही हसलोय.

आणि ज्याला मी घाबरलो तो मुलगा? मी नसल्यामुळे तो न लढताच पुढे गेला, आणि पुढच्याच लढतीत सपाटून हरला. मी त्याला हरवलं असतं का? अण्णांच्या जवळपास तरी पोचलो असतो का? लोक विचारतात तेव्हा मी हसतो. ते बघायची संधी मीच पिऊन टाकली.

अण्णा गेल्या वर्षी गेले. शेवटचे दिवस अंथरुणावर होते. ताई नांद्याहून येऊन राहिली होती, त्यांचं सगळं तीच करायची. एका दुपारी मी गोळ्या द्यायला खोलीत गेलो, तर ती त्यांच्या पायांशी बसली होती. म्हणाली, “अण्णा, तेवढी एक चूक पोटात घाला. मी मुद्दाम न्हाई केलं.”

अण्णांना हात उचलायला वेळ लागला. तिच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, “जाऊ दे, पोरी. माफ केलं तुला.”

ताई ढसाढसा रडली. मी दारात उभा होतो, पाण्याचा पेला हातात. दोघं समोर होती, दोघं जिवंत होती, खोलीत चौथं कुणी नव्हतं. मी आत गेलो, अण्णांना गोळी दिली, पाणी पाजलं, आणि बाहेर आलो. रडू आलं नाही. तेव्हाही नाही, नंतर मातीलाही नाही.

ताई आता सगळ्यांना सांगते, अण्णांनी मला जाताना माफ केलं. सांगताना तिचा चेहरा उजळतो. परवा माझ्या जिममध्ये येऊन, अण्णांच्या फोटोला हात जोडून, तिने माझ्यासमोरच ते पोरांना सांगितलं.

मी मान डोलावली.