बेटाच्या वाटेवरचं वळण

आमच्या कंपनीत आम्ही जेमतेम सात जण होतो आणि त्यात समुद्र ओळखणारा माणूस एकच. बाकीचे सगळे इंजिनियर. कुवेतमधल्या अम्गऱ्यात, भंगाराची गोदामं आणि पत्रे कापणारी वर्कशॉपं यांच्या मधल्या एका शेडमध्ये आमचं काम चालायचं. माणसाचा हात न लागता स्वतःची वाट स्वतः काढेल अशी बोट आम्हाला करायची होती. मालक कुवेती, परदेशात शिकून आलेला, माझ्याहून वयानं लहान. आणि समुद्र ओळखणारा माणूस म्हणजे आमचा तांडेल. रत्नागिरीकडच्या एका खाडीवरचे हे मुसलमान गृहस्थ साठीला टेकले होते, आणि त्यांचं निम्मं आयुष्य इथल्या मासेमारी लाँचांवर सुकाणू धरण्यात गेलं होतं. मी त्यांना चाचा म्हणायची. माझं माहेर चिपळूणजवळ आहे हे कळल्या दिवसापासून त्यांनी मला बाय म्हणायला सुरुवात केली.

रोज सकाळी आमची फायबरची बोट किनाऱ्यावरून समोरच्या बेटापर्यंत न्यायची आणि परत आणायची, एवढंच त्यांचं काम. बोटीवर कॅमेरे होते, रडार होतं, आणि सुकाणूला जोडलेला एक कॉम्प्युटर होता. चाचा काय करतात ते तो टिपून घ्यायचा. लाट आडवी आली की वेग किती कमी करतात, समोरून लाँच आली तर किती आधीपासून वळायला लागतात, सगळं. त्या नोंदींवरून कॉम्प्युटरला शिकवायचं ते मी. चाचा त्याला डबा म्हणत. "आज चांगलं शिकवलंय हां तुझ्या डब्याला," असं बोटीतून उतरताना हटकून सांगायचे.

हिवाळा सरत आला तेव्हा आम्ही पहिल्यांदा सुकाणू डब्याच्या ताब्यात दिलं. चाचा हात मागे बांधून उभे राहिले. बोट झोकात निघाली. वाटेत एक लाँच आडवी आली, तिलाही नीट बाजू दिली. पण अर्ध्या वाटेवर, समोर काहीही नसताना, ती अचानक डावीकडे वळली, मोठा वळसा घातला आणि पुन्हा आपल्या मार्गाला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

मालक वैतागला. त्या वळशात बोट मोठ्या जहाजांच्या वाटेत शिरत होती, म्हणजे ते नुसतं विचित्र नव्हतं, धोक्याचं होतं. नकाशात तिथे खडक नव्हता, पाण्याची खोलीही आजूबाजूला सारखीच. मी दोन दिवस शेडमध्ये बसून चाचांच्या सगळ्या फेऱ्या स्क्रीनवर एकावर एक ठेवल्या. प्रत्येक फेरी त्याच जागी वाकलेली होती. डब्याचं काही चुकलंच नव्हतं. त्याला शिकवलं तसा तो वागत होता.

मालकानं चाचांना अरबीत विचारलं. तिथे पाण्याला ओढ असते, असं चाचांनी सांगितलं. आम्ही मोजून पाहिली, ओढ नव्हती.

"तू विचार," मालक मला म्हणाला. "तुमच्या भाषेत सांगेल कदाचित."

दुपारी शेडच्या सावलीत आम्ही चहा घेऊन बसलो होतो.

"चाचा, तिथे ओढ नाही. मोजलं आम्ही."

कपात बघत ते म्हणाले, "माझा भाव हाय तिथं."

पुढचं त्यांनी थांबत थांबत सांगितलं. धाकटा भाऊ. त्याच्यासाठी व्हिसा चाचांनीच मिळवला होता. त्याच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. दोघं एकाच लाँचवर होते. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा मासे घेऊन परत येताना धुळीचं वादळ उठलं आणि चार हातांपलीकडचं दिसेनासं झालं. सुकाणू चाचांच्या हातात होतं.

"मीच बोललो त्याला, पुढच्या टोकाला जाऊन उभा ऱ्हा, काय दिसलं तर ओरड. तो गेला. एका शब्दानं नाय म्हणाला नाय."

धुळीतून, आपली वाट सोडून, एक मोठं जहाज आलं. लाँचचा पुढचा भाग चिरडून ते तसंच निघून गेलं. आपण कशाला धडकलो हे त्या जहाजावर कुणाला कळलंही नसेल. चाचा आणि आणखी एक खलाशी प्लॅस्टिकच्या पिंपाला धरून तरले. भाऊ सापडला नाही.

"घरी काय सांगितलंत?"

"आईला आणि त्याच्या बायकोला, दोघींना एकच सांगितलं. आत झोपला होता, त्याला काय कळलंच नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या पाण्यावरनं बोट न्यायला माझा हातच वळत नाय, बाय. धुळीत बघणारा डबा तुम्ही करताय असं ऐकलं, म्हणून तुमच्याकडं आलो. नायतर या वयात कशाला?"

त्या दिवशी मी मालकाला काही सांगितलं नाही. खैतान भागातल्या आमच्या घरी आले, नवऱ्याशीही बोलले नाही. वळसा राहू द्यावा, त्याला काहीतरी तांत्रिक कारण चिकटवून द्यावं, असं मनात येत होतं. पण तिथून जहाजं जातात. उद्या त्या वळणावर आमची रिकामी बोट कुणाच्या तरी भावासमोर आडवी आली असती.

दुसऱ्या दिवशी चाचांना म्हटलं, "मला ते वळण काढावं लागेल."

"काढ," ते लगेच म्हणाले. "माझं दुःख डब्याला कशाला? पण पहिल्यांदा सरळ जाईल तेव्हा मी बोटीत असणार. आणि मालकाला तू सांग. मला अरबीत ते बोलता यायचं नाय."

मी सांगितलं. मालकानं चष्मा काढून टेबलावर ठेवला, मेलेल्या माणसासाठी म्हणतात ते दोन शब्द अरबीत पुटपुटला आणि मला म्हणाला, "घाई करू नकोस."

एकेक फेरी उघडून तेवढा तुकडा मी पुसत गेले. आठवडा लागला. मग डब्याला पुन्हा शिकवलं.

त्या सकाळी बोटीत आम्ही तिघंच होतो. पाणी शांत होतं. ती जागा जवळ आली तसे चाचा उठले, बोटीच्या पुढच्या टोकाशी गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. बोट वळली नाही. ऐन जागेवर आल्यावर मालकानं बटण दाबून इंजिनं बंद केली. हे आमचं ठरलेलं नव्हतं. तो चाचांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, दोघांनी तळहात वर केले आणि गेलेल्यासाठी फातिहा म्हटला. मी मागे हात जोडून उभी होते. चाचांचे खांदे हलत होते. मालकानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर वर्षभरात आमच्या डब्याला बंदराजवळची पाहणी करणाऱ्या छोट्या बोटींवर काम मिळालं. चाचांची गरज संपली. मालक त्यांना ठेवून घ्यायला तयार होता, पण ते म्हणाले, "आता गावाला जातो."

दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. तब्येतीचं, पावसापाण्याचं बोलून झालं आणि मग म्हणाले, "भावजयीला खरं सांगितलं, बाय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मला ठाऊक हाय. माझ्यासंगं वाचला ना, त्या खलाश्यानं पयल्याच सुट्टीत येऊन तिला सगळं सांगितलं होतं. इतकी वर्षं गप बसली. मी बोललो, का गं? तर म्हणाली, तो झोपला होता असं तुम्ही म्हणालात, त्या बोलण्यावरच तुम्ही उभे होता. तो आधार मी कशाला काढून घेऊ?"

"आणि आता?" मी विचारलं.

"आता रोज दुपार कलली, असरची नमाज झाली की तिच्या पडवीत जाऊन बसतो. तो लहानपणी कसा होता ते सांगतो तिला. वर्षभराचाच संसार तिचा. तिला फारसं काय ठाऊक नाय."