मागच्या सीटजवळची जाळी

दोन वर्षं माझं आणि पालीच्या खंडोबाचं भांडण चाललं होतं. देवाशी भांडण म्हणजे एकतर्फीच. तो उत्तर देत नाही, आणि माझी सगळी हयात प्राथमिक शाळेत मुलांपुढे बोलण्यात गेलेली, त्यामुळे मला गप्प बसता येत नाही. आमचे हे गेले ते साध्या तापाचं निमित्त होऊन. आठ दिवसांत धडधाकट माणूस घरातून नाहीसा झाला. मी नवस बोलले, अंगारा लावला, जे सुचेल ते केलं, आणि काही उपयोग झाला नाही. कुळाचा देव म्हणून पालीला जाणं मी सोडलं नाही, पण पाया पडताना माझी मान पूर्वीसारखी लवत नव्हती. मी नुसते हात जोडायची आणि मनात दहा प्रश्न विचारून परत फिरायची.

हे फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि कोरेगावला घरी आले. त्यांच्या बरोबरीच्यांनी ट्रॅक्टर घेतले, जीप घेतल्या. यांनी पुण्याहून कुणाची तरी वापरलेली हायब्रीड गाडी आणली. चंदेरी रंगाची, लांबलचक. आवाज न करता ती चालू व्हायची म्हणून सगळी गल्ली बघायला जमली होती. "सुभेदार, ही चालू झाली का बंदच हाय?" असं लोक विचारायचे आणि हे अंगणातच त्यांचा वर्ग घ्यायचे. पुढं पेट्रोलचं इंजिन, जोडीला विजेची मोटर आणि मागच्या सीटमागं मोठी बॅटरी. "उतारावर ही जेवती आनि चढावर राबती," असं ते सांगायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला त्यांनी याच गाडीवर चालवायला शिकवलं. रागावले एकदाही नाहीत. मी शिकवताना पोरांवर किती रागवायची ते आठवून मीच ओशाळायची.

गाडी जुनी, त्यामुळे समोरच्या काचेखाली कधी हा दिवा लागायचा, कधी तो. दिवा लागला की यांना जणू पाहुणा आल्याचा आनंद. चष्मा नाकावर ओढायचा, स्टिअरिंगखाली ते हातात मावणारं स्कॅनर जोडायचं आणि त्यावर उमटलेला कोड निळ्या वहीत उतरवून घ्यायचा. एक अक्षर आणि चार आकडे. मग मला हाक. शाळेतली पोरं म्हणायची तसं मला ते 'बाई'च म्हणायचे. "बाई, हिला ताप आलाय. बाई, हिचा घसा बसलाय." मी भाजी निवडता निवडता 'हो का' म्हणायची. "कोड नुसतं कुठं दुखतंय त्ये सांगतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "का दुखतंय त्ये आपन हुडकायचं." त्या दुपारी आता आठवल्या की वाटतं, थोडं नीट ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं!

पौषात पालीची वारी ठरलेली. दर्शन झालं की गाडीलाही भंडारा लागायचा. आधी बॉनेटला, मग स्टिअरिंगला. पण माझी स्वतःची एक रीत होती. आम्ही दोघं पुढं बसायचो, मागची सीट रिकामी असायची. ती मी देवाला देऊन टाकली होती. देव आपल्याबरोबर घरी येतो, मग तो बसणार कुठं? मानाच्या माणसाची जागा मागेच. म्हणून मी मागचं दार उघडून 'येळकोट येळकोट जय मल्हार' म्हणत दोन्ही मुठी भरून भंडारा आत उधळायची. सीट पिवळी, पाठ पिवळी, काचा पिवळ्या. हे शिंकत शिंकत म्हणायचे, "उधळ, उधळ!" आणि हसायचे.

ते गेल्यावर पहिल्याच वर्षी लाल त्रिकोण लागायला सुरुवात झाली. मधोमध उद्गारचिन्ह असलेला तो त्रिकोण बघितला की मी गाडी कडेला घ्यायची. स्कॅनर आणि निळी वही पुढच्या कप्प्यात होती, पण तो कप्पा उघडायची माझी छाती होईना. त्यांचं अक्षर बघवलं नसतं. मग मी मला येत होता तो उपाय केला. पालीला गेले, मागचं दार उघडलं आणि मूठभर भंडारा उधळून म्हटलं, बाबा रे, हा दिवा तेवढा विझव. दोन दिवस दिवा विझला. मला वाटलं, ऐकलं एकदाचं! चार दिवसांनी पुन्हा लागला. पुढच्या खेपेला मूठ मोठी केली. असं करत करत वारीशिवायही मी पाच-सहा वेळा तरी जाऊन आले असेन. जितका दिवा लागायचा तितकी मी उधळायची, आणि जितकी उधळायची तितका तो लागायचा. देव मुद्दाम माझा अंत बघतोय, अशी माझी खात्री झाली.

शेवटी साताऱ्याच्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथल्या मुख्य माणसाने मशीन लावलं, कोड वाचला आणि उघडून न बघताच सांगितलं, "मॅडम, बॅटरी गरम होतेय. जुनी आहे, संपली. हिच्यात आता जीव नाही." पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, रस्त्यात कुठं अडकून पडशील. विकून टाक ती." त्याची काळजी खोटी नव्हती. त्यानेच सांगलीचा एक जुन्या गाड्या घेणारा माणूस शोधला आणि मी हो म्हणून बसले. पण त्या गाडीत यांच्या बसण्याने पडलेला खोलगा होता. आरसा त्यांनी माझ्यासाठी वळवून ठेवला तसाच होता. ती गेली की हे दुसऱ्यांदा जाणार, एवढंच मला कळत होतं.

चैत्र होता, ऊन मी म्हणत होतं. गाडी मीच सांगलीला पोचवणार, असा हट्ट धरून सकाळी निघाले. वाटेत पालीला वळले. त्या दिवशी मी देवाकडे काही मागितलं नाही. भंडाऱ्याची पूर्ण पिशवी मागच्या सीटवर रिकामी केली आणि म्हटलं, "घे. आता तूही उतर आणि मीही उतरते." एवढं बोलून महामार्गाला लागले.

इस्लामपूर मागे पडलं आणि त्रिकोण लागला. आष्ट्याच्या अलीकडे गाडीने मान टाकली. पाय दाबला तरी ओढ घेईना. रस्त्याकडेला एक मोठी पत्र्याची शेड दिसली, तिच्या सावलीत कशीबशी नेऊन उभी केली. आत हळद पॉलिश करायचं काम चाललं होतं. भलामोठा ड्रम गरगर फिरत होता आणि त्यात वाळलेली हळकुंडं घासली जात होती. पत्रे पिवळे, जमीन पिवळी, भिंतीवरची तीर्थंकरांची तसबीरही पिवळी. साठीच्या पुढचे एक गृहस्थ बाहेर आले, त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या.

"अक्का, भाईर का हुबा ऱ्हायलाय? आत या, पानी घ्या."

मी म्हटलं, "गाडी बंद पडलीय. तशी संपलेलीच आहे. सांगलीला द्यायला निघालेय." एवढं अनोळखी माणसाला सांगून बसले, म्हणून मला स्वतःचाच राग आला. माझी पिशवी आणायला म्हणून त्यांनी मागचं दार उघडलं आणि तिथंच थबकले.

"अक्का, गाडीतनं हळद न्हेताय व्हय?"

"हळद नाही हो, भंडारा आहे. पालीचा."

त्यांनी वाकून सीटच्या कडेला हात फिरवला. तिथं प्लास्टिकची एक जाळी होती. इतक्या वर्षांत मी कधी तिच्याकडे बघितलंही नव्हतं. त्यांनी जाळीवर तळहात ठेवला. "हितनं आत वारं वडतंय काय? फ्यान हाय का आत?" तेव्हा भाजी निवडताना ऐकलेलं यांचं एक वाक्य मला आठवलं. बॅटरीलाही आपल्यासारखंच गार वारं लागतं, तिच्यासाठी मागं पंखा ठेवलाय. मी तसं सांगितलं.

"मग झालं तर! आवं, आमच्या ड्रमच्या मोटारी अशाच जळत्यात. हळद लय बारीक. जाळीत बसली की थर धरती, वारंच जाईना. आमी रोज सांजचं फुकून काडतो." आणि जाळी उचकटता उचकटता ते म्हणाले, "तुमची गाडी मेली न्हाई अक्का. तिचं नाक चोंदलंय."

जाळीमागून निघालं ते बघून मी कपाळाला हात लावला. बोटभर जाडीचा पिवळा थर. दोन वर्षांत मी देवापुढे केलेला सगळा आकांत तिथं साठून बसला होता. ज्याच्यासाठी मुठीवर मुठी उधळल्या, तो दिवा माझ्या मुठींनीच लावला होता. हसावं की रडावं कळेना. त्यांनी मोटारींची हळद उडवायचं हवेचं मशीन आणलं, रस्त्याकडे तोंड करून सगळं फुकून काढलं, आणि तासभर गाडी सावलीत निवू दिली. मग मी बटण दाबलं. गाडी चालू झाली, पण त्रिकोण तसाच. ते म्हणाले, "काम झालंय, पर दिवा इझना. ह्येला कायतरी करायला लागत आसंल."

काय करायला लागतं ते निळ्या वहीत होतं. आता कप्पा उघडण्यावाचून इलाज नव्हता. पहिल्या पानावर कोड कसा पुसायचा ते क्रमाने लिहिलेलं, अगदी मला समजेल असं. पुढे पानं उलटत गेले तर दर वर्षी पौषात एक नोंद. 'पालीहून परत. जाळी साफ. भंडारा निघाला.' पुढच्या पौषात तेच. त्याच्या पुढच्या पौषातही तेच. आणि पहिल्या वर्षीच्या नोंदीखाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, 'बाईला सांगायचं न्हाई. उधळताना लहान पोरीगत हसती.'

मी त्या शेडच्या सावलीत मोठ्याने रडले. तेरावं झालं तेव्हाही इतकी रडले नव्हते. ते गृहस्थ ड्रमकडे गेले आणि जरा वेळाने चहा घेऊन आले. चहा पिऊन मी वहीतल्याप्रमाणे स्कॅनर जोडलं, सांगितलेली बटणं दाबली आणि त्रिकोण विझला. सांगलीच्या माणसाला फोन करून गाडी देत नाही म्हटलं. मग मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "बाबांचं अक्षर मलाही बघायचंय. ठेव गाडी."

निघताना मी त्या गृहस्थांना नाव विचारलं. "अण्णाच म्हना, समदी तेच म्हनत्यात." उपकार कसे फेडू म्हटल्यावर ते हसले. "उपकार कसलं? भंडाऱ्याला हळद जाती ती आमच्याच भागातली. आमच्याच हळदीनं नाक चोंदलं, आमीच काडलं. घरचंच काम."

याला कुणी चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही. त्या दिवसांत सांगलीकडच्या रस्त्याला हळदीची शेड लागणं नवलाचं नाही, आणि गरम झालेली गाडी कुठंतरी थांबणारच होती. पण शेकडो गाड्या हाताळणाऱ्या साताऱ्याच्या माणसाच्या दारात ती थांबून उपयोग झाला नव्हता. जिने फक्त हळद ओळखली त्या नजरेपुढे ती थांबली, आणि त्यामुळे मी वही उघडली. मला एवढं पुरेसं आहे. देव उत्तर देत नाही, अशी माझी तक्रार होती. हे होते तोवर दर वर्षी मी उधळत होते आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी ते मुकाट्याने निस्तरत होतं, मला कळूही न देता. त्या माणसाला माझ्यापासून नेलं, म्हणून मी देवाशी भांडले. तो माणूस मला दिला होता, याबद्दल हात जोडायचे राहूनच गेले होते. गाडी म्हातारी आहे, एक दिवस बॅटरी खरंच जाईल, तेव्हा जाऊ दे. धरून ठेवणं माझ्या हातात नाही, हे आता मी न चिडता म्हणू शकते.

यंदाच्या पौषात पालीला जाऊन आले. मागची सीट देवाचीच आहे, तेव्हा दोन मुठी उधळल्याच, यांना आवडायचं. घरी आल्यावर स्क्रू ड्रायव्हर घेतला, जाळी काढली, भंडारा पुसून घेतला, त्यातला चिमूटभर कपाळाला लावला. मग निळ्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली माझ्या शाळेतल्या अक्षरात लिहिलं, 'पालीहून परत. जाळी साफ. भंडारा निघाला.' ती जाळी फार खाली आहे. तिथं पोचायचं तर गुडघे टेकून मान खाली घालावी लागते. दोन वर्षं देवळात जी लवत नव्हती ती माझी मान तिथं लवली, आणि बराच वेळ मी ती वर उचलली नाही.