मी हसलो नाही

कार्ला फाट्याजवळ, जुन्या हायवेला लागून, एक गार्डन हॉटेल आहे. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही चार मित्र तिथे जेवायला जमायचो. बुधवार ठरला तो दोन कारणांनी. एक म्हणजे त्या दिवशी कुणाच्याच घरी मटणाला हरकत नसायची. दुसरं, आमच्यातल्या एकाचं लोणावळ्यात चिक्कीचं दुकान होतं आणि शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गर्दीत त्याला मान वर करायची सोय नव्हती. तिसरा मित्र कामशेतच्या शाळेत विज्ञान शिकवायचा. चौथा जमिनींची दलाली करायचा, त्याच्या गाडीतून आम्ही जायचो. मी देहूरोडच्या डेपोत स्टोअरला होतो, तिथूनच निवृत्त झालो.

बोलायचो मी. बाकीचे जेवायचे. हे असंच होतं आणि कुणाची त्याबद्दल तक्रार नव्हती. रस्सा, भाकरी, शेवटी इंद्रायणीचा गरम भात, आणि मी सुरू. डेपोतले साहेब, सासुरवाडीची माणसं, गावातली लग्नं. नकला मला चांगल्या जमायच्या. दलालाच्या चालण्याची नक्कल केली तेव्हा शेजारच्या टेबलावरचे अनोळखी लोक खुर्च्या वळवून बसले होते. दलाल लालबुंद झाला होता, पण हसला. हसावंच लागायचं.

माझा सगळ्यात चांगला श्रोता चिक्कीवाला. स्वतः फारसं बोलायचा नाही. गोष्ट सुरू झाली की त्याचा हात ताटात थांबायचा आणि शेवट आला की तो टेबलावर थाप मारून असा हसायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली तरी तितकाच हसायचा.

सगळ्यांची आवडती गोष्ट माझ्या चुलत्याची. तो उर्से गावचा. एक्सप्रेसवे झाला तेव्हा त्याचं घर एका अंगाला राहिलं आणि शेत दुसऱ्या. एका सकाळी तो बैलजोडी घेऊन थेट टोलनाक्यावर उभा राहिला आणि खिडकीतल्या मुलाला म्हणाला, "दोन बैलांचं काय घेशील?" मुलगा म्हणाला, "आबा, बैल अलाऊड नाहीत." चुलता थोडा वेळ रस्त्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आरं लेकरा, मग आमी काय फोनवरनं नांगरायचं व्हय?" ते वाक्य मी हळू सांगायचो. त्याने ते तसंच म्हटलं होतं. गोष्टीत हसू होतं आणि चुलत्याची अब्रूही शाबूत होती. चुलता आता नाही.

मग माझ्या गळ्यात गाठ निघाली. पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बाकी सगळं स्वच्छ आहे, नशीबवान आहात, आवाज मात्र असाच राहील. असाच म्हणजे पत्र्यावर खडा ओढावा तसा. जोर केला तरी वाढत नाही, उलट खोकला येतो.

तीन-चार महिन्यांनी मी पुन्हा बुधवारी गेलो. तिघांनी उठून मला मिठी मारली. मालकाने माझ्यासाठी कमी तिखट रस्सा काढून ठेवला होता. सगळे खुर्च्या पुढे ओढून माझ्याकडे वाकले. मी हॉस्पिटलमधल्या एका वॉर्डबॉयची गोष्ट सुरू केली. हायवेवरून ट्रक जात होते, पलीकडे कुणाचा तरी वाढदिवस चालला होता. तिसऱ्या वाक्याला शिक्षक म्हणाला, "काय? पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. दलाल म्हणाला, "अरे, पंक्चर काढायला ट्यूब घासतोयस का?"

तिघंही हसले. मीही हसलो, पण माझ्या हसण्याचाही आवाज आला नाही.

पुढच्या बुधवारी शिक्षकाने शाळेतून एक पाटी आणली. खरी, लाकडी चौकटीची, वर पेन्सिल बांधलेली. "आता लिहून दाखव," तो म्हणाला. मी लिहिलं. ते वाचून होईपर्यंत बोलणं दुसऱ्या विषयावर गेलेलं असायचं. मग तिघं एकदम पाटीकडे बघून, कशाबद्दल ते आठवून, उशिरा हसायचे. दोन बुधवारांनंतर पाटीवर वेटरने पाण्याचा जग ठेवला आणि तो कुणी उचलला नाही.

टेबल तर गप्प बसणार नव्हतं. बोलायला लागला तो चिक्कीवाला. तो इतकी वर्षं ऐकत होता, त्याला सगळं तोंडपाठ होतं. त्याने माझ्याच गोष्टी सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा माझ्याकडे बघून, "बरोबर ना रे?" असं विचारत. नंतर विचारणं बंद झालं. खरं सांगायचं तर तो चांगलं सांगायचा. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याची जीभ तयार झालेली होती, फक्त माझ्यापुढे तिला कधी वाव मिळाला नव्हता.

एका बुधवारी त्याने टोलनाक्याची गोष्ट काढली. त्याच्या गोष्टीत माझा चुलता प्यायलेला होता. बैलांना शिव्या देत, धोतर सावरत नाक्यावर आला होता. लोक हसायला लागले तसा चिक्कीवाला उभा राहिला. शेवटचं वाक्य आलं आणि त्याने ते चुलत्याच्या आवाजात म्हटलं नाही. माझ्या आवाजात म्हटलं. माझ्या आताच्या आवाजात. मान पुढे काढून, गळ्याच्या शिरा ताणून, खरखरत: "आरं लेकरा, मग आमी काय फोनवरनं नांगरायचं व्हय?"

नक्कल हुबेहूब होती. दलालाच्या नाकातून रस्सा आला. शिक्षक टेबलावर डोकं ठेवून हसत होता. शेजारचे लोक वळून बघत होते.

चिक्कीवाला धापा टाकत खाली बसला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मटणाची नळी चोखत होतो. मी हसलो नाही. ठरवून नव्हे, हसू आलंच नाही. पण त्याचा चेहरा मी बघितला. बाकी दोघं लोळत होते आणि ह्या माणसाला ते पुरत नव्हतं. त्याला माझं हसू हवं होतं.

घरी जाताना गाडीत मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

त्यानंतर मी तयारीने जाऊ लागलो. मी रुसलो नाही, तोंड फिरवलं नाही. उलट तो बोलायला लागला की मी घास खाली ठेवायचो, हनुवटीखाली हात घ्यायचो, आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहायचो, पूर्वी तो माझ्याकडे बघायचा तसा. गोष्ट रंगली की त्याला वाटायचं, आज हसणार. शेवट व्हायचा. बाकीचे हसायच्या आत, त्या छोट्या फटीत, मी माझ्या खरखरत्या आवाजात एकच शब्द म्हणायचो.

"मग?"

जणू गोष्ट अजून संपायची आहे. जणू खरा शेवट ऐकायला मी थांबलोय.

एवढा एक शब्द मला जमत होता आणि तो सगळ्यांना ऐकू जायचा. चिक्कीवाला गडबडायचा. "मग काय, संपली," म्हणायचा. किंवा पुढे काहीतरी जोडायला जायचा आणि ते वाया जायचं. हळूहळू तो शेवटापाशी घाई करायला लागला. मग सुरुवातीलाच, "तशी खास नाहीये, पण..." म्हणायला लागला. शिक्षकाच्या आणि दलालाच्या हे लक्षात आलं. त्या दोघांना कुणाला हसायचं याच्याशी देणंघेणं नव्हतं, हसायला मिळाल्याशी कारण. चिक्कीवाल्याने तोंड उघडलं की दलाल माझ्याआधीच म्हणायचा, "मग?" आणि शिक्षक त्याला साथ द्यायचा.

बायकोला मी हे सगळं सांगायचो, तिला माझं बोलणं कळतं. ती एकदा म्हणाली, "आवं, एकदा हसला तर काय बिघडंल? त्यो दवाखान्यात रोज डबा घिऊन येत हुता." ते खरं होतं. लोणावळ्याहून पुण्यापर्यंत, दुकान भावाकडे सोपवून. बाकी दोघांपैकी एकही फिरकला नव्हता. मी म्हणालो, "डब्याचं डब्यापाशी." ती उठून आत गेली.

दिवाळीच्या आधी चिक्कीवाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं. त्या बुधवारी तो व्याह्यांना आणि विहीणबाईंना घेऊन हॉटेलवर आला. तळेगावची शांत माणसं. त्याने आदल्या दिवशी आम्हाला फोन करून सांगितलं होतं, "चांगले कपडे घालून या रे." माझ्याशी बोलताना थोडा थांबून म्हणाला, "तू येशील ना? तू हवास." नवा शर्ट, केसांना तेल. व्याह्यांना तो म्हणाला, "हे माझे मित्र. आमच्या गप्पा म्हणजे तुम्ही ऐकाच."

त्याने टोलनाक्याचीच गोष्ट काढली. पण ह्या वेळी जुनी, माझी. चुलता प्यायलेला नव्हता. तो सावकाश सांगत होता, मध्येमध्ये माझ्याकडे बघत. विहीणबाई पदर तोंडाशी धरून हसू लागल्या होत्या. शेवटचं वाक्य त्याने हळू म्हटलं. अगदी मी म्हणायचो तसं.

दलाल आणि शिक्षक एका सुरात ओरडले, "मग?"

मला म्हणावंच लागलं नाही. व्याही गोंधळून तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले आणि विनयाने म्हणाले, "हां, मग? पुढं काय झालं?"

चिक्कीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी हसलो असतो तर तेवढ्यावर निभावलं असतं. मी भाकरीचा तुकडा मोडला. तो म्हणाला, "काही नाही. जेवा, जेवा. भात गार होतोय." त्यानंतर तो लग्नाच्या हॉलबद्दल बोलला, तेही थोडंच. विहीणबाई माझ्या ताटाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही काहीच बोलला नाहीत, दादा." दलालाने गळ्याकडे बोट केलं आणि त्यांनी "अरेरे" म्हटलं.

तो पुन्हा आला नाही. दुकानाची कारणं सांगायचा. आम्ही तिघं काही बुधवार जेवलो. दलाल मोबाईल बघायचा, शिक्षक वरणभात उरकावा तसं मटण उरकायचा. सांगणारा नव्हता आणि ऐकणाराही नव्हता. मग शिक्षकाचा गुडघा दुखायला लागला आणि कुणी फोन केला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी काही कामाने लोणावळ्याला गेलो होतो, तेव्हा त्याच्या दुकानात शिरलो. तो काऊंटरमागे पाकिटं रचत होता. एक पर्यटक बाई भाव विचारत होती, तर त्याने न बोलता भावाच्या पाटीकडे बोट दाखवलं. मला बघून त्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"आवाज कसाय?"

"तसाच."

त्याने दोन पाकिटं रचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी तुझी ती नक्कल केली ना, त्या दिवशी. ते तुला लागलं होतं का रे? मला झोप नव्हती नंतर. मला फक्त तेवढं सांग."

मी "व्हय" म्हणालो असतो तर त्याने हात जोडले असते, कदाचित रडला असता, चहा आला असता, पुढचा बुधवार ठरला असता. हे सगळं मला त्याच्या खांद्यांवर दिसत होतं.

"कसली नक्कल?" मी म्हणालो. "मला नाही आठवत."

त्या बाईने पुन्हा भाव विचारला, ह्या वेळी त्याने तोंडाने सांगितला. माझ्यासाठी त्याने शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट पिशवीत घातलं आणि पैसे घ्यायला नको म्हणाला. मी नोट काऊंटरवर ठेवली, सुटे मोजून घेतले आणि बाहेर पडलो. स्टँडपर्यंत चालताना मी एक तुकडा तोंडात टाकला. चिक्की कडक होती. गिळताना गळ्यात टोचली, पण मी खात गेलो.