चष्म्यातली माणसं

नजीरा कुणावर चटकन विश्वास ठेवायची नाही. डॉक्टरनं दिलेली गोळी असो की निवडणुकीत दारात आलेला हसरा माणूस, ती आधी नीट पारखून घ्यायची. याला कारण तिचा मुलगा उमर. तो अठ्ठावीस वर्षांचा, स्वमग्न. कुणी काही म्हटलं की त्याला ते तसंच्या तसं खरं वाटायचं. कसबा बावड्यातल्या एका बेकरीत खारी भरायचं काम तो मन लावून करायचा, पण गिऱ्हाईक आलं की आत पळायचा.

शहरातल्या एका संस्थेत अशा मोठ्या मुलांना बोलायला शिकवतात, असं बेकरीवाल्या बाळासोंनी सांगितलं. नजीरा उमरला घेऊन गेली. तिथं शिकवणाऱ्या तेजस्वीनं जाडजूड काळा चष्मा दाखवला.

"हा घातला की समोर बाजार दिसतो, बस दिसते. माणसं बोलतात, उमरनं उत्तर द्यायचं. चुकलं तरी कुणी हसत नाही, चाची."

"आनि तो काय बोलतोय ते ऐकतंय कोण? कुठं जातंय ते?"

"कुठंही नाही. इथंच राहतं."

"मग आधी मला घाला."

नजीराला इस्त्रीच्या कपड्यातला कंडक्टर दिसला. 'नमस्कार, आपल्याला कुठे जायचे आहे?' म्हणाला. तिनं चष्मा काढून ठेवला. "असला कंडक्टर मी तरी जन्मात बघितला न्हाय."

उमरला मात्र ती माणसं आवडली. दोनेक महिन्यांत तो बेकरीच्या काउंटरवर उभा राहून, डोळ्यांत बघून, हसून "काय देऊ?" विचारायला लागला. बाळासो खूश झाले. नजीराला मात्र काहीतरी खटकायचं. परक्याकडे बघून तो जसा हसायचा, तसाच आता तिच्याकडे बघूनही हसायचा. हे हसू त्याचं नव्हे, कुणीतरी वरून चिकटवलंय, असं तिला वाटायचं.

एका दुपारी बसथांब्यावर एक जण त्याला म्हणाला, "पावणं, एक फोन लावायचा हाय, मोबाईल द्या की. आलोच."

उमर हसला आणि मोबाईल दिला. दिवेलागणीला नजीरा शोधत आली, तेव्हा तो तिथंच उभा होता. "तो आलोच म्हणालाय," त्यानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नजीरा उमरला घेऊन संस्थेत जाऊन थडकली. "तुमच्या चष्म्यात एक तरी खोटं बोलणारा हाय का?"

तेजस्वी म्हणाली, "नाही. ते आमच्या डोक्यातच आलं नाही."

"खोटं बोलणारा कसा ओळखायचा?" उमरनं विचारलं. तो आईकडेच बघत होता.

"मलाबी न्हाय ओळखता येत," नजीरा म्हणाली. "म्हणून माझं आधी न्हायच असतंय."

तेजस्वीनं चष्म्यासाठी नवा प्रसंग तयार करून घेतला. त्यात गोड बोलून मोबाईल मागणारा माणूस होता. आवाज बाळासोंनी दिला. "दे की मर्दा, माझ्यावर इस्वास न्हाय व्हय?" उमरनं पहिल्यांदा मोबाईल दिला. पुढच्या खेपेलाही दिला. तिसऱ्या खेपेला त्यानं हात पाठीमागं नेला. "न्हाय," तो ओरडला. "देणार न्हाय!" चष्मा काढला तेव्हा उमर घामानं भिजला होता आणि हसत नव्हता. नजीराला बरं वाटलं.

पुढं नवा मोबाईल आला. एकदा नजीरानं सहज हात पुढं केला. "बघू, कुणाशी बोलतोस?"

"न्हाय. माझा हाय."

तिला राग आला, धास्तीही वाटली. पण हात तिनं मागं घेतला. बेकरीतला कुणी दोस्त असेल, की आणखी कुणी, याचा विचार करत ती कामाला लागली.

उमर अजून दर गुरुवारी संस्थेत जातो. नजीरा बाहेर बाकड्यावर बसते आणि आत जाणाऱ्या तेजस्वीला बजावते, "दार लावू नका."